सतरावा प्रश्न

प्रमिलाबाई कोणतं फळ आहेत? तर फणस. मोबाईलनेच सांगितलं तसं. रागावल्यावर तुम्ही काय करता, पाहुणे न सांगता आले तर काय करता, असे बारा प्रश्न विचारले आणि शेवटी पडद्यावर फणसाचं चित्र काढून दाखवलं. बाहेरून काटेरी, आतून गोड, असं खाली लिहिलेलं. प्रमिलाबाई ओट्याला टेकून एकट्याच हसल्या. सगळं आयुष्य गेलं केळीच्या बागेत आणि निघाल्या काय, तर फणस! सावद्यात कुणाला कळलं असतं तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

हसू आलं तसं गेलंही. सांगायचं कुणाला? सुकदेवला, म्हणजे नवऱ्याला, सांगावं तर तो म्हणणार, "बरं मग?" लेक मयुरी धुळ्याला, हॉस्टेलवर. मग त्यांनी तीच परीक्षा पुन्हा उघडली आणि या खेपेला दीपमालाच्या वतीने उत्तरं दिली. दीपमाला रागावली की काय करते? भांडी घासते, तीही घासलेलीच. पाहुणे अचानक आले तर? आधी कपाळाला हात लावते, मग शिऱ्यात दुप्पट तूप ओतते. बाराच्या बारा उत्तरं त्यांनी फटाफट दिली, कुठे अडल्या नाहीत. दीपमाला निघाली बोर. "अगदी बरोबर," प्रमिलाबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या.

भिंतीकडे अशासाठी, की दीपमाला भिंतीपलीकडेच होती. धाकटी जाऊ. एका विटेच्या भिंतीपलीकडे तिचा कुकर शिट्ट्या द्यायचा, तिचा झारा कढईत वाजायचा, तिला शिंक आली तर ती इकडे ऐकू यायची. दोघींत सहा वर्षांत एक शब्द नव्हता.

एके काळी ही भिंत नव्हती. सासरे होते, आबा म्हणायचे सगळे त्यांना. आबा होते तोवर घर एक, बाग एक आणि दुपारी दोन वाजता दोघी जावांचं अंथरूणही एक. दर रविवारी पेपरची पुरवणी यायची आणि तिच्यात एक परीक्षा असायची. तुमच्यात किती संयम आहे? तुम्ही सासू म्हणून कशा व्हाल? तुम्ही पैसा उडवता की जपता? पुरुष माणसं शेतात गेली की दोघी पालथ्या पडून पेन्सिल घ्यायच्या. त्यांचा एक नियम होता: स्वतःचं उत्तर स्वतः द्यायचं नाही. प्रमिलाबाईंचं दीपमाला देणार, दीपमालाचं प्रमिलाबाई. "आपलं आपल्याला काय कळतं, अक्का?" दीपमाला म्हणायची. "आपण तर आरशात पण तोंड नीट करूनच पाहतो." मग गुण मोजायचे, निकाल मोठ्याने वाचायचा आणि पोट धरून हसायचं. दीपमाला सासू म्हणून 'हुकूमशहा' निघाली होती. ते तिने तीन महिने मिरवलं. सून यायला अजून वीस वर्षं होती, पोरगा पाळण्यात होता!

आबांनीही या जोडीचा उपयोग करून घेतला होता. केळी कापणीला आली की व्यापाऱ्याची माणसं येण्याआधी आबा दोघी सुनांना बागेत पाठवत. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या द्यायचे, प्रमिलाबाईंना लाल, दीपमालाला हिरव्या. एकीने पूर्वेकडून शिरायचं, दुसरीने पश्चिमेकडून. एकमेकींशी बोलायचं नाही. जो घड भरलेला वाटेल, केळाच्या धारा, म्हणजे कडा, जाऊन जे गोल झालं असेल, त्याच्या दांड्याला आपली चिंधी बांधायची. ज्या घडाला दोन्ही चिंध्या, तेवढेच पहिल्या दिवशी कापायचे. एकटी लाल किंवा एकटी हिरवी असेल तर तो घड आणखी चार दिवस झाडावर. आबा मागून फिरत आणि मान हलवत, कारण एकटी चिंधी शोधूनही सापडत नसे. "या दोघींचे डोळे एकाच कारखान्यातले आहेत," ते व्यापाऱ्याला सांगायचे.

आबा गेले. वाटणी झाली. वाटणीचं कुणाला दुःख नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात ट्यूबवेलचं पाणी खाली गेलं आणि पाळी कुणाची यावरून सुकदेव आणि प्रेमराज, दोघे सख्खे भाऊ, बांधावर असे भांडले की शेजारचे लोक मोटारसायकली थांबवून बघू लागले. दिवाळीपर्यंत घरात भिंत उभी राहिली. तरी बायका बोलत होत्या हो! गच्चीवर, कपडे वाळत घालताना, हळू आवाजात का होईना, बोलत होत्या. खरी भिंत नंतर उभी राहिली, आणि ती प्रमिलाबाईंनी स्वतः घातली.

दीपमालाची आई भडगावला वारली. दारावर जायला हवं होतं. घरात माणूस गेलं की नात्यागोत्याच्या बायका त्या घरच्या दारावर जातात, भेटून बसतात, पाणी घेतात. तिथे कुणी 'या' म्हणत नाही आणि उठताना कुणी 'येते' म्हणत नाही. तसंच उठून निघायचं असतं. प्रमिलाबाई पांढरट साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून तयार झाल्या होत्या. सुकदेव म्हणाला, "तुला जायचं तर जा. मी काही येणार नाही." एवढंच म्हणाला. आणि प्रमिलाबाई बसून राहिल्या. तिकडे प्रेमराज सगळ्यांसमोर काही बोलला तर? दीपमालाने तोंड फिरवलं तर? भडगावच्या अंगणात शंभर माणसांत आपली शोभा होईल. उद्या जाऊ म्हणाल्या. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरावा. पुढे कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "मयुरीच्या पप्पांनी जाऊच दिलं नाही व माय." हे त्यांनी इतक्यांना सांगितलं की सुकदेवलाही ते खरं वाटायला लागलं असेल.

दीपमाला परत आली ती गच्चीवर आलीच नाही. कपडे ती अंगणात वाळत घालायला लागली.

तर अशी सहा वर्षं. प्रमिलाबाईंना बाकी काही कमी नव्हतं. पण दुपारचे दोन वाजले की त्यांना जाऊ हवी असायची. टीव्ही नको, झोप नको, जाऊ हवी. बहिणीसारखी वगैरे नाही, जाऊच. बागेत घड भरले की त्या अजूनही लाल चिंधी बांधून यायच्या. आता व्यापाऱ्याची माणसं स्वतःच बघून कापत, चिंधीकडे ढुंकूनही पाहत नसत. आपल्या लाल चिंधीशेजारी हिरवी नाही हे त्यांना दर वेळी नव्याने दिसायचं.

श्रावणात एका दुपारी मयुरीचा फोन आला. ती धुळ्याला मानसशास्त्रात एम.ए. करत होती, मराठी माध्यमातून, आणि पुस्तकातल्या शब्दांनी तिचा जीव नकोसा केला होता. एक एक शब्द म्हणजे आगगाडी, असं ती म्हणायची.

"आई, 'सामाजिक इष्टता' म्हणजे काय माहितीये? आपल्याला खरं वाटतं ते नाही, लोकांना बरं वाटेल ते उत्तर देणं."

"याच्यासाठी पुस्तक काहून लागते?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "आख्खं सावदं तेच करते."

मयुरी खिदळली. "बरं, हा बघ. 'आंतर-मूल्यमापक सहमती.' चार दिवस झाले, पाठ होतो पण डोक्यात शिरत नाही. दोन स्वतंत्र मूल्यमापकांनी एकाच घटकाचे परस्परांशी विचारविनिमय न करता केलेले मूल्यांकन…"

"हळू वाच. विचारविनिमय न करता म्हणजे?"

"एकमेकांना न विचारता."

 प्रमिलाबाई म्हणाल्या, "म्हणजे एकीने पूर्वेकडून शिरायचं, दुसरीने पश्चिमेकडून. आणि घडाला दोन्ही चिंध्या असल्या तरच कापायचा."

 मयुरी फोनवर ओरडलीच, "आई! हेच! अगदी हेच! आबांच्या चिंध्या! अगं, सहमती किती टक्के हे काढायलाही सूत्र आहे यात."

"आबाले सूत्र नही लागलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांना मोठा आनंद झाला होता. ज्या शब्दापुढे शिकलेली पोर चार दिवस बसली होती, तो आपल्या घरचाच निघाला. पण त्या सहमतीतली दुसरी बाई भिंतीपलीकडे तांदूळ पाखडत होती आणि तो आवाज इकडे येत होता.

या शब्दाचंच मयुरीला प्रात्यक्षिक करायचं होतं. दोन दोन माणसांच्या दहा जोड्या. एकाने स्वतःबद्दल तीस प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि त्याला किमान दहा वर्षं ओळखणाऱ्या दुसऱ्याने तीच तीस उत्तरं त्याच्याबद्दल द्यायची. नऊ जोड्या धुळ्यातच झाल्या. दहावीसाठी ती शनिवारी घरी आली आणि आईचा फॉर्म बापापुढे ठेवला. सुकदेवने चष्मा लावला, पहिला प्रश्न वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "सगळीकडे 'कधी कधी' टाकून दे."

"पप्पा, असं नसतं."

"मग मले काय माहीत? तुह्या आईलेच विचार."

मयुरीने कपाळ धरलं. आणि प्रमिलाबाईंच्या तोंडून, कसं कोण जाणे, निघून गेलं, "काकूला दे."

सुकदेवने वर पाहिलं. प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पोरांचं दोन्ही घरांत जाणं-येणं होतं, त्याला कुणाची ना नव्हती. मयुरीने पाकीट उचललं आणि गेली. दहा मिनिटांनी रिकाम्या हाताने परत आली. "काकू काही बोलली नाही," ती म्हणाली. "घेतलं आणि फ्रीजवर ठेवलं."

आता प्रमिलाबाईंचा फॉर्म. त्यांनी तो दुपारी दोन वाजता भरायला घेतला. नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही, यांतलं एक निवडायचं. पाहुण्यांत रमता का? बऱ्याचदा. राग लवकर येतो का? नेहमी. हात भराभर चालला होता. त्यांना मजा यायला लागली, पेन्सिल जिभेला लावण्याची जुनी सवयही परत आली. सतराव्या प्रश्नावर हात थांबला. 'आपली चूक झाली असेल तर ती कबूल करता.'

'कधी कधी' लिहावं तर खोटं. 'कधीच नाही' लिहावं तर पोर वाचणार, धुळ्याच्या मॅडम वाचणार. सामाजिक इष्टता, दुसरं काय! चार दिवसांपूर्वी आख्ख्या सावद्याला लावलेला शब्द त्यांच्याच गळ्यात येऊन पडला. त्यांनी पुढचे तेरा प्रश्न भरले आणि सतरावा तसाच सोडला.

रविवारी संध्याकाळी मयुरी दोन्ही पाकिटं घेऊन धुळ्याला गेली. काकूचं पाकीट डिंकाने चिकटवलेलं होतं. "काय लिहिलं गं तिने?" प्रमिलाबाईंनी विचारून पाहिलं.

"नाही सांगणार. गोपनीयता असते."

पुढचा आठवडा त्यांना काही सुचलं नाही. दोनदा भाजीत मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. दीपमालाने काय लिहिलं असेल? सगळीकडे वाईट लिहिलं असेल तर तेही चालेल, असं त्यांना एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, चालणार नाही, मुळीच चालणार नाही. सहा वर्षं एकाच आशेवर काढली होती, की भिंतीपलीकडची बाई आपल्याला अजून ओळखते. तीही गेली तर मग दुपारी दोनला काय करायचं?

शुक्रवारी मयुरीचा फोन आला. आवाज चिडलेला. "आई, घोळ झालाय. मॅडमनी तुमची जोडी बाद केली."

"काहून?"

"म्हणतात बनावट आहे. एकाच बाईने दोन्ही फॉर्म भरलेत म्हणे. बाकी जोड्यांची सहमती साठ-सत्तर टक्के येते. तुमचे तीसपैकी सत्तावीस जुळले! वर एक प्रश्न दोघींनी रिकामा सोडला, आणि तोही एकच. मी सांगून थकले की या दोघी एकमेकींशी बोलतसुद्धा नाहीत."

प्रमिलाबाईंनी मधेच विचारलं, "कोणता रिकामा सोडला?"

"सतरावा. आता मॅडम म्हणतात, दोघींनी त्याचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहून, खाली सही करून, फोटो पाठवला तरच धरीन. तू काकूकडून करून घे ना. नाहीतर मला पुन्हा नवी जोडी… आई? ऐकतेयस ना?"

ऐकत होत्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दीपमाला होती, चष्मा लावून, सतराव्या प्रश्नावर पेन्सिल टेकवून बसलेली. तिला 'कधीच नाही' लिहिता आलं असतं. तिच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाला होता? तिने लिहिलं नाही. जागा सोडली. एकट्या चिंधीचा घड आबा चार दिवस झाडावर ठेवायचे, कापून टाकायचे नाहीत. हिने सहा वर्षं ठेवला होता.

"पाठवते फोटो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दोन वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी तोंड धुतलं, सतरावा प्रश्न उतरवून दोन कागद घेतले, आणि दाराशी आल्यावर परत फिरून आत गेल्या. कपाटात खालच्या कप्प्यात ती पांढरट साडी होती. ती नेसल्या. सुकदेव जेवून पलंगावर पडला होता. त्याने एक डोळा उघडून साडीकडे पाहिलं. "कुणाकडे?"

"दीपमालाच्या आईच्या दारावर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि ऐका. तुम्ही मला तेव्हा अडवलं नव्हतं. मी लोकांना तुमचं नाव सांगत आली."

सुकदेव उठून बसला.  त्या बाहेर पडल्या.

पंधरा पावलांचं अंतर. दीपमालानेच दार उघडलं. केस पांढरे झाले होते कानाजवळ, हे गच्चीवरून कधी दिसलं नव्हतं. तिने साडी पाहिली आणि तिला सगळं कळलं. ती 'ये' म्हणाली नाही. बाजूला झाली.

प्रमिलाबाई आत जाऊन खाली फरशीवर बसल्या. दीपमालाने तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं आणि समोर बसली.  मग प्रमिलाबाईंनी एका दमात सांगून टाकलं, "मले कोणी अडवलं नव्हतं. पिशवी खांद्याला व्हती माह्या. लोक काय म्हणतील याचं भ्या वाटलं मले, म्हणून नही आली. चुकलं माहं, दीपा. तुही आई गेली आणि मी घरी बसून राहिली."

दीपमाला भडगावकडची. रागात नाहीतर रडण्यात तिच्या तोंडात माहेरची बोली यायची. "माले बठ्ठं ठाऊक शे," ती म्हणाली; सगळं ठाऊक होतं तिला. पदर तोंडाशी धरून ती बराच वेळ रडली. प्रमिलाबाईही रडल्या. त्या म्हातारीसाठी रडल्या, मोठ्याने, सहा वर्षांपूर्वी रडायचं होतं तसं. "तेरा दिवस," दीपमाला शेवटी म्हणाली, "रोज गाडी थांबली की मी दाराकडे पाहायची. वाटायचं, अक्का आली."

"हो."

"आईला विसरून मी तुझी वाट पाहत होती. त्याचाच राग जास्त आला मला."

प्रमिलाबाईंनी तांब्या उचलला. पाणी प्यायल्या.

थोड्या वेळाने दीपमालाने नाक पुसलं. "ते कागद आणलेस ना? मयुरीने मला पण फोन केला होता. रडकुंडीला आली होती पोर." तिने फ्रीजवरची पेन्सिल काढली, दुसरी पोराच्या दप्तरातून आणली. "बघायचं नाही एकमेकींचं."

दोघींनी हाताचा आडोसा करून लिहिलं आणि कागद एकाच वेळी पालथे केले. मग उलटले. दोन्हींवर 'क्वचित' होतं.

"सहा वर्षांतून एकदा," दीपमाला म्हणाली. "म्हणजे क्वचितच झालं ना, अक्का?" आणि ती हसली. तीच ती, पालथं पडून हसायची तशी. प्रमिलाबाईंना हसता हसता पुन्हा रडू आलं.

सह्या झाल्या, फोटो गेला. मॅडम आता काय म्हणतील ते म्हणोत! सावल्या अंगणात उतरल्या तशा प्रमिलाबाई उठल्या. दारावर आलेल्या बाईने उठावं तशाच उठल्या, काही न बोलता, पदर सारखा करून, उंबरा ओलांडून दोन पायऱ्या उतरल्या.

"अक्का," मागून दीपमालाने हाक मारली. ती दारात उभी होती, चौकटीला धरून. "आईचं झालं आता. 'येते' म्हणून जा."

प्रमिलाबाई वळल्या. 

"येते," त्या म्हणाल्या.